सुट्टीत शिरूर-दौंडकडे येताय? मग एवढं ऐका

सुट्टी लागली की शहरातली मंडळी लोणावळा नाहीतर महाबळेश्वर गाठतात. तुम्ही यंदा आमच्याकडे वळताय, बरं वाटलं. पण आधीच सांगतो, इकडे मोठे डोंगर नाहीत. यवतजवळ भुलेश्वर आणि आसपासच्या टेकड्या आहेत. बाकी माळ, ऊस आणि नदी. बघायला मात्र खूप आहे. बघायची रीत तेवढी वेगळी.

पहिलं म्हणजे, कधी काय दिसतं ते विचारून या. दिवाळीत मोराची चिंचोली गाठाल तर मोर दिसतील, पिसारा दिसणार नाही. पाऊस सरता सरता मोर पिसं गाळतो. पोरांना नाच दाखवायचा असेल तर जून-जुलैत या, आणि तेही दिवस उजाडताना. दहा वाजता पोहोचून "मोर कुठेत?" असं विचारू नका. ते सावलीला गेलेले असतात.

रोहित पक्ष्यांचं तसंच. दिवाळीत उजनीचं पाणी बहुधा काठोकाठ असतं. त्यांना लागतो उथळ चिखल. पाणी ओसरलं की ते उतरतात. जानेवारी ते मार्च हे त्यांचे दिवस. दौंड तालुक्यातल्या खानोट्याला किंवा पुढे भिगवणकडे होडी मिळते. होडीवाल्याला "अजून जवळ घे" म्हणून गळ घालू नका. तुमच्या एका फोटोसाठी अख्खा थवा उठतो, आणि दिवसभर येणारी प्रत्येक होडी तेच करते. खायचं तेव्हा त्यांना उडावं लागतं. दुर्बीण घ्या, ती नसेल तर लांबूनच बघा. लांबून दिसणारी गुलाबी रेघसुद्धा सुंदर असते.

चौफुल्याहून सुप्याकडे गेलात की दौंड तालुक्याची हद्द ओलांडल्यावर मयूरेश्वर अभयारण्य आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटर. इथे चिंकारा दिसतो. पाण्यावाचून बरेच दिवस काढणारा हा जीव माणसाला मात्र बुजतो. गाडीतून उतरून मागे धावू नका. एका जागी अर्धा तास गप्प बसा. पोरं कंटाळतील, कंटाळू द्या.

माळावर गाडी घालू नका. तुम्हाला ती पडीक जमीन वाटते. पण टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. खड्यांत ती खड्यांसारखीच दिसतात. डोक्यावर टिटवी आरडाओरडा करायला लागली, तर समजा, तुम्ही तिच्या घरात उभे आहात. आल्या पावली मागे फिरा.

याच माळावर लांडगा आहे. दिसला तर नशीबवान आहात. पण कुठे दिसला ते लगेच फोनवर सगळ्यांना कळवू नका. दुसऱ्या दिवशी तिथे दहा गाड्या येतात आणि मादी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. नीट बघायचं असेल तर वनखात्याने 2024 मध्ये शिर्सुफळ आणि कडबनवाडीला माळरानाची सफारी सुरू केली आहे. तिचं आरक्षण करा. सोबत गावातलाच वाटाड्या असतो.

आता बिबट्याचं. हे पोरांच्या आईबापांनी लक्ष देऊन वाचा.

शिरूरच्या उत्तरेकडे, घोड-कुकडीच्या पट्ट्यात, बिबट्या उसातच जन्मतो आणि उसातच वाढतो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड आणि जांबूतकडे काही आठवड्यांत तिघांचे जीव गेले. त्यांत दोन लहान मुलं होती. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तिथली माणसं रोज तिथेच राहतात, पाणी द्यायला रानात जातात. पण त्यांना जे ठाऊक आहे ते तुम्हाला नाही.

मळ्यात उतरला असाल तर दिवे लागायच्या आत पोरं घरात घ्या. लपाछपी खेळायला ऊस नको, भरदुपारीसुद्धा नको. अंधारात एकट्याने जाऊ नका, जोडीने जा, हातात बॅटरी असू द्या, मोठ्याने बोलत चला. शेताच्या कडेला वाकून किंवा उकिडवं बसू नका. बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटतो. संडास घरातलाच वापरा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उरलेलं मटण, हाडं बाहेर फेकू नका. त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे तो.

उसात मांजरीएवढं पिल्लू दिसलं तर उचलू नका, फोटोसाठीही नको. आई जवळच असते. मागे व्हा आणि वनखात्याच्या 1926 या नंबरवर कळवा.

जाता जाता टाकळी हाजीचे रांजणखळगे बघालच. पलीकडच्या काठावर निघोज. कुकडीने खडकात कोरलेलं ते काम बघण्यासारखंच आहे. पण काठावरूनच बघा. खडक गुळगुळीत असतो आणि खळग्याचा तळ वरून कळत नाही. पोहता येतं म्हणून उतरलेलेच तिथे अडकतात. धरणातून पाणी सोडलंय का, हे गावात आधी विचारा.

आणि रात्री मळ्यातलं कुत्रं एकाएकी भुंकायला लागलं, तर बघायला म्हणून दार उघडू नका. घरमालकाला हाक मारा. तो बहुतेक आधीच जागा झालेला असेल.