समाधानाचा फॉर्म



हा अंक दीड महिना उशिरा निघतोय. पैसे नव्हते हे नेहमीचं रडगाणं, ते पुन्हा गात नाही. या खेपेला मी मधेच कोल्हापूरला गेलो होतो, दाजींना बघायला. येताना एक कागद खिशात घालून आणलाय. त्या कागदाशिवाय सध्या दुसरं काही लिहायला सुचत नाही. कविताही नाही.

कागद म्हणजे छापील फॉर्म. एम.बी.ए. शिकणारा एक पोरगा दाजींच्या फौंड्रीत प्रोजेक्ट करायला आला होता. विषय, 'कामगारांचे कार्यसमाधान'. प्रश्न २५. प्रत्येकापुढे पाच चौकोन : पूर्ण समाधानी, समाधानी, सांगता येत नाही, असमाधानी, पूर्ण असमाधानी. पिण्याच्या पाण्याबाबत आपण समाधानी आहात का? वरिष्ठांच्या वागणुकीबाबत? बाजूला सुपरवायझर उभा. दाजींनी वरपासून खालपर्यंत 'समाधानी'वर टिक मारली आणि परत कामाला लागले. एक कोरा फॉर्म घरी आला होता. आक्कानं त्याच्या पाठीवर किराणा लिहिला होता. तोच माझ्याकडे आहे.

त्या पोरावर माझा राग नाही. राग त्या चौकोनांवर आहे.

फौंड्री मला नवी नाही. दहावी झाल्यावर दोन वर्षं मीही त्याच शेडमध्ये काढली. आज मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या टोळीत लोखंडाच्या कॉइली लावतो. कोल्हापूर म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. आम्हाला उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आठवतं. आधी ऑइल इंजिनांचे भाग ओतले, मग मोटारी-ट्रॅक्टरांचे. तुम्ही ज्या एस.टी.त बसून हे वाचताय तिच्या ब्रेकचा ड्रम कुणीतरी वाळूत ओतलाय.

काम असं. वाळूत बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी मिसळायचं. पॅटर्नभोवती ती ठासायची, पॅटर्न अलगद काढायचा, पोकळीत कोअर बसवायचा, पेटी बंद करायची. मग चौदाशे अंशांच्या आसपासचा रस लेडलमधून ओतायचा. थंड झालं की साचा फोडायचा, त्याला नॉकआऊट म्हणतात. मग माल घासायला फेटलिंगला. लिहायला चार ओळी लागल्या. उन्हाळ्याच्या दुपारी तो लेडल धरून बघा, एक ओळ पुरी होत नाही.

दाजी मोल्डर. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला मशीन दाखवलं नाही, वाळू दाखवली. "मुठीत घे. दाब. आता मोड." मोडली की कडा स्वच्छ राहिली पाहिजे. हाताला चिकटली तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी. पाणी जास्त झालं की वाफ रसात घुसते आणि माल आतनं भोकाभोकाचा निघतो. "वरनं कळत न्हाई रं," दाजी म्हणायचे, "वरनं चकाचक. मशीनवर चढला की मग कळतंय."

साचा फोडल्यावर ते कास्टिंगवर हातोडी वाजवायचे आणि कान द्यायचे. नीट वाजलं की गालात हसायचे. ते हसू मी बघितलंय. ते समाधान नव्हे असं मला कुणी सांगू नये. आपल्यातले काही कॉम्रेड हे ऐकूनच घेत नाहीत. कामगार म्हटला की तो चोवीस तास पिचलेलाच असला पाहिजे. त्याला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं की यांच्या सिद्धांताला उचकी लागते.

पण आता दुसरी बाजू बघा. सतरा वर्षं वाळूची नाडी बघणारा हा माणूस कागदावर 'हेल्पर' आहे. मोल्डिंगला पोचायच्या आधी त्यानं आठ वर्षं फेटलिंग केलं. त्या शेडमध्ये मी बघितलेली मांडणी अशी होती : पॅटर्न शॉपला सुतारांची पोरं, ऑफिसात मालकाचे पाव्हणे, कोअरला बायका. आणि नॉकआऊट-फेटलिंगला, जिथं धूळ सगळ्यात जास्त, तिथं बौद्धवाड्यातले, मातंग वस्तीतले आणि बिहार-ओडिशाकडून आणलेले. हे कुठल्या रजिस्टरात लिहिलेलं नसतं. मुंबईच्या गिरण्यांतही नव्हतं. तरी विणकाम खात्यात आपल्या माणसाला जागा नसायची, कारण धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे आणि बाटण्याची भीती. विणकामालाच पगार जास्त होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हाच सवाल केला होता.

त्याच बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या सभेसाठी भाषण लिहिलं. सभा झालीच नाही, भाषण पुस्तक होऊन निघालं, 'जातिभेद निर्मूलन'. त्यातला श्रमिकांच्या विभागणीचा मुद्दा आपण सभेसभेत घोकतो. त्याला लागूनच असलेला मुद्दा कुणी काढत नाही : ज्या धंद्यात माणसाची आवड विचारली गेली नाही, ज्या धंद्याकडे लोक नाक मुरडून बघतात, त्यात त्याचं मन आणि डोकं उतरायचं कसं? म्हणजे हा कार्यसमाधानाचा विषय आपल्याकडे केव्हाच मांडून झालाय. फक्त तिथं चौकोन नाहीत.

दाजी आता खोकतात. दोन जिने चढले की कठड्याला धरून उभे राहतात. दवाखान्याच्या चिठ्ठीवर टी.बी. लिहिलंय. सहा महिने गोळ्या घेतल्या, खोकला आहे तिथंच. वाळूत सिलिका असते. डोळ्याला दिसते ती धूळ बरीचशी नाकात-घशात अडकते. फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते ती दिसतच नाही. तिनं सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही, काम सोडलं तरी वाढत राहू शकतो, आणि टी.बी.लाही दार उघडून देतो. तेव्हा दाजींचा टी.बी. खराही असेल. पण तेवढाच आहे का, हे कुणी बघितलं नाही.

सिलिकोसिस ठरवायला छातीचा एक्स-रे लागतो आणि कामाचा इतिहास लागतो. इथंच गोची आहे. सतरा वर्षांत ठेकेदाराची पाटी चार वेळा बदलली. माणूस तोच, शेड तीच, वाळू तीच, आणि कागदावर नोकरी तीन वर्षांची. टी.बी. हा गरिबाचा रोग, त्याला मालक लागत नाही. सिलिकोसिस हा कायद्याच्या यादीत बसलेला धंद्याचा रोग, त्याला भरपाई आहे, म्हणून त्याला मालक लागतो. चिठ्ठीवर कोणता शब्द पडतो यावर एका घराचं पुढचं जगणं ठरतं. राजस्थानात दगडाच्या खाणीतल्या माणसांनी वर्षानुवर्षं भांडून हा शब्द मिळवला, २०१९ साली तिथल्या सरकारला सिलिकोसिसचं वेगळं धोरण करावं लागलं. आपल्याकडे आपण पुतळ्यांच्या उंचीवर भांडतोय.

फॉर्मच्या २५ प्रश्नांत 'धूळ' हा शब्द एकदाही नाही.

रात्री जेवण झाल्यावर मी तो फॉर्म दाजींपुढे ठेवला. म्हटलं, सुपरवायझर नाही, आता खरं सांगा. बराच वेळ त्यांनी उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, "मोल्डिंगला पूर्ण समाधानी लिव. त्यात खोटं न्हाई." आणि बाकीचं? "बाकीचं ह्यात इचारलंय कुठं?" आक्का भांडी घासत होती. ती तिथनंच म्हणाली, "माझ्यापुढं ठेव म्हणावं तो कागद."

म्हणून पुढच्या अंकात आपला फॉर्म छापतोय. किती वर्षं धुळीत? कागदावर किती? तुमच्या शेडमध्ये फेटलिंगला कोण आहे, कुठल्या वस्तीतला? एक्स-रे कधी काढला, आणि तो आज कुणाकडे आहे? फौंड्रीत स्वतः असाल किंवा घरचं कुणी असेल तर आत्तापासून कळवायला लागा. जुने गेटपास, पगाराच्या चिठ्ठ्या, पी.एफ.चे नंबर, शेडमध्ये काढलेले मोबाइलमधले फोटो, काहीही फेकू नका. आणि घरच्या बाईचं म्हणणं वेगळ्या कागदावर लिहून घ्या.

दाजींना छातीच्या डॉक्टरकडे न्यायला मी येत्या सोमवारी पुन्हा जातोय. ते हाजरी बुडते म्हणून कुरकुरतायत. पत्ता मागच्या पानावर आहे.

जय भीम.