सुट्या भागाला कुलूप कशाला?

नोव्हेंबर 2023 मध्ये सोनीने प्लेस्टेशन 5 चे सडपातळ रूप बाजारात आणले. त्याची डिस्क ड्राइव्ह काढता-घालता येते. आधी बिनड्राइव्हचा कन्सोल घ्यावा, पैसे जमले की ड्राइव्ह वेगळी घेऊन बसवावी, अशी सोय. दुरुस्तीवर पोट असणाऱ्या आपल्याला हे ऐकून बरे वाटायला हवे. पण यात एक मेख आहे. ड्राइव्ह बसवल्यावर कन्सोल पहिल्यांदा इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडे तिची नोंद करतो. ती झाल्याशिवाय ड्राइव्ह उपयोगाची नाही.

अशी वेगळी ड्राइव्ह काही आज निघालेली नाही. नोव्हेंबर 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स 360 साठी एचडी डीव्हीडीची जोडड्राइव्ह काढली होती. अमेरिकेत किंमत 200 डॉलर, सोबत रिमोट आणि ‘किंग काँग’ची डिस्क. तिच्यावर फक्त सिनेमे चालत. गेमसाठी कन्सोलची आतली ड्राइव्हच लागे. सोनीने त्याच महिन्यात उलटा डाव टाकला आणि प्लेस्टेशन 3 मध्ये ब्लू-रे आतच बसवली. आपल्याकडे तो एप्रिल 2007 मध्ये 39,990 रुपयांना आला.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. या दोन डिस्कांच्या झगड्यात जानेवारी 2008 मध्ये वॉर्नर या सिनेमा कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली, 19 फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळली आणि त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टनेही जोडड्राइव्ह बंद केली. एवढा पराभव होऊनही एक्सबॉक्सच्या गिऱ्हाइकाचा कन्सोल वाया गेला नाही. यूएसबीची वायर काढली, की गेम पूर्वीसारखेच सुरू. शिवाय ती ड्राइव्ह संगणकालाही लावता येई. आजही कुणाच्या माळ्यावरून ती आपल्या टेबलावर आली, तर योग्य सॉफ्टवेअर असलेल्या संगणकावर तिच्यातली डिस्क वाचता येते. हरलेल्या तंत्राची ड्राइव्ह अजून कामाची आहे, कारण चालू होण्यासाठी तिला कुणाला विचारावे लागत नाही.

अशा ड्राइव्हच्या दुरुस्तीत अगम्य असे काही नाही. डीव्हीडी वाचणारा लेझर 650 नॅनोमीटरचा, लाल. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रेचा 405 नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. त्यामुळे ‘डीव्हीडी चालते, ब्लू-रे चालत नाही’ असे गिऱ्हाईक म्हणाले, तर मोटर खोलायची घाई करू नये. आधी लेन्स पुसावी, मग निळ्या डायोडवर संशय घ्यावा. डीव्हीडी आणि एचडी डीव्हीडीत माहितीचा थर 0.6 मिलिमीटर खोल असतो, ब्लू-रेत जेमतेम 0.1. लेन्स डिस्कच्या अगदी जवळ फिरते. आपल्या भागातली उन्हाळ्यातली धूळ तिथे पहिल्यांदा नडते.

खरी अडचण कुलपाची आहे. एक्सबॉक्स 360 ची आतली ड्राइव्ह त्या कन्सोलच्या मदरबोर्डशी जखडलेली असते. दुसरी ड्राइव्ह आणून बसवली तर गेम चालत नाही. जुन्या ड्राइव्हचा बोर्ड काढून नवीत घालावा लागतो. सुरुवातीच्या प्लेस्टेशन 4 मध्येही तोच प्रकार, आणि पुढच्या मॉडेलांत तर हा बोर्ड मदरबोर्डातच विरघळला. आता भाग सुटा झाला, पण कुलूप सर्व्हरवर गेले.

मुदखेडच्या कारागिराच्या जागी उभे राहून पाहा. जंक्शनचे गाव. एक मार्ग नांदेडवरून मनमाडकडे, दुसरा निझामाबादवरून सिकंदराबादकडे, तिसरा आदिलाबादकडे. हैदराबादच्या गुजराती गल्लीतून सुटा भाग मागवायचा तर गाडीची सोय आहे. परवानगी मात्र रेल्वेच्या पार्सलने येत नाही. उद्या कंपनीने ते सर्व्हर बंद केले, तर चांगली ड्राइव्ह आणि चांगला कन्सोल शेजारी शेजारी पडून राहतील आणि गिऱ्हाईक आपल्यालाच बोल लावेल.

म्हणून काही गोष्टी आजपासूनच अंगी बाणवाव्यात. ड्राइव्हचा मूळ बोर्ड कधीही भंगारात टाकू नये. कन्सोलचा सिरीयल नंबर लिहून जपून ठेवावा. जुनी सुटी ड्राइव्ह विकत घेताना काउंटरवरच कन्सोलला जोडून नोंद होते का ते पाहावे, पैसे नंतर द्यावेत. आणि काम हाती घेतानाच पावतीवर लिहावे की नोंदणी कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून आहे.

पण एवढ्याने भागणार नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेतीची अवजारे, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. गेमिंग कन्सोलचा त्यात वेगळा उल्लेख नाही. तो व्हावा, यासाठी आपल्या तालुक्या-तालुक्यातल्या कारागिरांनी एकत्र येऊन विभागाला लिहिले पाहिजे. मागण्या मोजक्या असाव्यात: ड्राइव्ह जोडण्याची नोंद इंटरनेटशिवाय करता यावी; स्वतंत्र कारागिराला ती करण्याचे साधन मिळावे; आणि सर्व्हर बंद करण्यापूर्वी हे कुलूप काढून टाकणारे शेवटचे अपडेट देणे कंपनीवर बंधनकारक असावे. पत्रासोबत अशा कुलपामुळे परत पाठवाव्या लागलेल्या कामांची नोंदही जोडा. आपल्या दुकानातली वही हाच यातला सगळ्यात भक्कम पुरावा आहे.