हुकूम कोणाचा?

आमच्या मेहुण्यांचा ब्रिजवर फार जीव. दिवाळीत आमच्याकडे आले आणि सतरंजीवर पाच-तीन-दोनचा डाव मांडलेला पाहून म्हणाले, "अजून हे पोरखेळच का? जरा डोकं लागेल असं काही खेळा की!"

मेहुण्यांना उलट बोलायचं नसतं, म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता कागदावर बोलतो.

ब्रिज थोर आहे, कबूल. १९२५ साली व्हँडरबिल्ट नावाच्या अमेरिकन धनिकाने आगबोटीच्या प्रवासात त्याची नवी गुणपद्धती चालू केली, हेही कबूल. पण त्यात चौघांपैकी एकजण आपली पानं उताणी मांडतो आणि हाताची घडी घालून बसतो. त्याला डमी म्हणतात. आमच्या घरात ती जागा माझ्या रूपाने केव्हाच भरलेली आहे. त्यासाठी पत्ते कशाला पिसायचे?

आता आमचा पोरखेळ पाहा. माणसं ३, पानं ३०. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची २८ आणि दोन सत्त्या. प्रत्येकाला १० पानं. एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन आणि वाटणाऱ्याने दोन. हुकूम बोलायचा तो पहिली पाचच पानं पाहून. पुढची पाच कशी येतील ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा पाचच पानं पाहिली होती. बायकोनेही पाचच पाहिली. पुढे नुसत्या अठ्ठ्या-नव्व्या निघाल्या, असं तिचं म्हणणं.

बरं, हात कमी पडले तर पैसे मोजावे लागत नाहीत. ज्याचे जास्त झाले तो पुढच्या डावात तुमचं एक पान न बघता ओढतो आणि आपल्याकडचं नकोसं तुमच्या गळ्यात मारतो. लग्नातल्या आहेराच्या साड्या आणखी काय वेगळ्या फिरतात?

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. या खेळात ज्याच्या माथी पाच हात, हुकूम त्याचा. आणि ही पाळी फिरते.

माझी आई रोज पाच हात करायची: स्वयंपाक, पाणी, धुणं, दुखणीखुपणी आणि पाहुणे. वडिलांचे दोन: ऑफिस आणि वर्तमानपत्र. हुकूम मात्र वडिलांचा! मे महिन्यात दुपारची भांडी आवरून आई आमच्यात येऊन बसे. पाचाची पाळी आली की पानं पदराशी धरून म्हणे, "इस्पिक हुकूम!" तो आवाज एरवी आमच्या घरात ऐकू येत नसे. बदामाच्या राजावर तिने इस्पिकची सत्ती मारली की वडील मुकाट्याने हात तिच्याकडे सरकवत.

मेहुण्यांनी डोक्याचा प्रश्न काढला म्हणून सांगतो. आईला हुकूम बोलू द्यायला खरं तर डोकं लागत नव्हतं. आम्हा दोघा पुरुषांना मात्र त्यासाठी पत्ते लागले.

हल्ली हा खेळ मोबाइलवरही मिळतो. यंत्र पानं वाटतं, पण पलीकडे आई नसते.

असो. बाहेरून हाक आली आहे, "उठा, वाटायची पाळी तुमची!" म्हणजे आज माझे हात दोनच. त्याआधी चहाच्या कपबश्या विसळून तिसरा करून घेतो.