आपलं नाव झाकावं, दुसऱ्याचं नाही



दशलक्षण पर्वाचा दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा. यंदा त्या दिवशी बस्तीत पंडितजी आठ मदांची नावं सांगत होते. ज्ञान, पूजा, कुल, जाती, बल, ऋद्धी, तप आणि शरीर. रत्नकरंड श्रावकाचारातली ही यादी लहानपणापासून कानावर आहे. त्यातला ‘पूजा’ हा मद म्हणजे देवाची पूजा केल्याचा गर्व, असंच मी इतकी वर्षं समजत होते. पंडितजींनी सांगितलं, इथे पूजा म्हणजे आपल्याला मिळणारा मानसन्मान. लोक आपल्याला मोठं म्हणतात, हार घालतात, त्याचा गर्व. मी खाली बघत बसले. आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये एक शिल्ड आहे, त्यावर माझं नाव आहे आणि तो कुणाच्या कष्टावर मिळाला हे मला पक्कं माहीत आहे.

आज त्या शिल्डबद्दल लिहिते.

आपल्यापैकी पुष्कळ जणी कुठल्या ना कुठल्या सेवाभावी क्लबात आहेत. ही पद्धत मूळची बाहेरची. रोटरी १९०५ साली शिकागोत सुरू झाली, लायन्स १९१७ साली, तीही शिकागोतच. बायकांना तिथे कितीतरी वर्षं सदस्यत्व नव्हतं. लायन्सने १९८७ मध्ये दार उघडलं, रोटरीने १९८९ मध्ये. त्याच्या खूप आधी, १९२४ साली, मँचेस्टरच्या रोटेरियनांच्या घरच्या बायकांनी आपला वेगळा इनर व्हील क्लब काढला होता. इतक्या उशिरा आणि इतक्या प्रयत्नांनी हाती आलेली ही जागा आहे. म्हणून क्लबांना नावं ठेवणारी मी नाही. सासूबाईंच्या पिढीला बस्ती आणि माहेर सोडून तिसरीकडे जायचं कारण नव्हतं. मला क्लबाने बँकेत खातं चालवायला, कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायला आणि माईकसमोर उभं राहायला शिकवलं.

या सगळ्या क्लबांचा साचा साधारण एकच. १ जुलैला नवं वर्ष, नवी अध्यक्षा, नवी सचिव. पदग्रहणाला कॉलर गळ्यात पडते. मग बारा महिने प्रकल्प, प्रत्येकाचा बॅनर, प्रत्येकाचा फोटो, वरच्या ऑफिसला अहवाल आणि वर्ष संपताना बक्षिसं. आमचा क्लबही याच साच्यातला.

माझ्या अध्यक्षपदाच्या वर्षी आम्ही रुग्णसाहित्य केंद्र सुरू केलं. वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, एअर बेड. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याने डिपॉझिट ठेवायचं, वस्तू न्यायची, काम झालं की परत आणायची. कल्पना छान, देणगी पटकन जमली. पण वस्तू ठेवायच्या कुठे? तेव्हा क्लबातल्या एक वयस्कर सभासद म्हणाल्या, “आमची पडवी रिकामीच हाय की.” त्यांना आम्ही सगळ्या अक्का म्हणतो.

उद्घाटन अर्ध्या तासात झालं. त्यानंतरचं काम अक्कांनी केलं. ते काम कसं असतं ते सांगते, कारण अहवालात ते कधीच येत नाही. परत आलेली कमोडची खुर्ची कुणीही नीट धुऊन आणत नाही. ती फिनाईलने घासून उन्हात ठेवावी लागते. एअर बेडला पंक्चर असेल तर हवा भरून, साबणाचं पाणी लावून, बुडबुडे कुठे येतात ते शोधून चिकटवावं लागतं. व्हीलचेअरच्या चाकात केस आणि दोरे अडकतात. वस्तू वेळेवर परत आली नाही तर फोन करावा लागतो, आणि पलीकडून “आई गेली हो परवा” असं ऐकू आलं तर वस्तूची गोष्ट न काढता चार शब्द बोलून फोन ठेवावा लागतो. अक्का हे सगळं करायच्या आणि एका लांब वहीत लिहून ठेवायच्या. कुणी नेलं, कधी नेलं, डिपॉझिट किती, कशात बिघाड.

वर्षअखेर आमच्या केंद्राला ‘उत्कृष्ट प्रकल्प’ म्हणून बक्षीस मिळालं. कार्यक्रम दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात, संध्याकाळी सातला. अक्का सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, पाणीही घेत नाहीत. परतायला मध्यरात्र होणार होती. त्या म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या.” आम्ही गेलो. स्टेजवर मी गेले, दोन मिनिटं बोलले. त्या भाषणाचा व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. मार्दवाच्या दिवशी घरी येऊन तो मी पुन्हा पाहिला. त्यात ‘मी’ आहे, ‘माझी टीम’ आहे, देणगीदारांची नावं आहेत, आमच्या ह्यांचे आभार आहेत. अक्कांचं नाव नाही. मुद्दाम गाळलं नव्हतं, सुचलंच नाही. आणि न सुचणं हे मला आता जास्त लागतं.

माझं वर्ष संपलं. पुढच्या अध्यक्षांना त्यांचा स्वतःचा प्रकल्प हवा होता, त्यांच्यानंतरच्यांना त्यांचा. यात त्यांचा दोष काढू नये. बक्षीस नव्या प्रकल्पाला मिळतं, जुना चालू ठेवल्याला मिळत नाही, हे मीही जाणून होते. साहित्य केंद्राच्या दुरुस्तीचे पैसे आधी कमी झाले, मग थांबले. तेही कुणी ठरवून थांबवले नाहीत, बजेटमध्ये ती ओळ यायची राहिली एवढंच. अक्का घरखर्चातून करत राहिल्या.

या पावसाळ्यात आमच्याच गल्लीतल्या एका मुलाची आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी एअर बेड सांगितला. त्याला मी मोठ्या तोऱ्यात अक्कांकडे पाठवलं. बेड होता, पंप बंद होता. अक्कांनी दोन महिन्यांपूर्वी क्लबाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, “पंप दुरुस्त करायचा आहे, कुणी शहरात जाणार का?” त्या दिवशी एका सभासदाचा वाढदिवस होता. शुभेच्छांच्या गर्दीत तो मेसेज वर सरकून गेला. मीही वाचला नव्हता. त्या मुलाने नवा बेड घेतला, पण पैसे जमवायला आठ दिवस गेले. तोवर त्या माउलीच्या पाठीला जखमा झाल्या होत्या.

त्या आठ दिवसांत माझा शिल्ड शोकेसमध्ये चकचकीत उभा होता.

क्षमावाणीच्या दिवशी मी अक्कांकडे गेले. दरवर्षी आपण सगळ्यांना हात जोडून ‘उत्तम क्षमा’ म्हणतो, पण कशाची क्षमा ते क्वचितच सांगतो. यंदा मी सांगितलं. भाषणाचं, पंपाचं, न वाचलेल्या मेसेजचं. अक्का हसल्या. “अगं, नावासाठी कोण करतंय? कर्माची निर्जरा व्हावी म्हणून करायचं.” मी म्हटलं, बघू तरी वही. वही हातात घेतली तर मधल्या पानात एक घडी घातलेलं कात्रण होतं. आमच्या बक्षिसाची पेपरात आलेली बातमी. अक्कांनी ती कापून जपून ठेवली होती. मी पुन्हा वाचून पाहिली. तिच्यातही त्यांचं नाव नव्हतं.

अक्का खोटं बोलत नव्हत्या. त्या नावासाठी करत नाहीत हेही खरं आणि ते कात्रण जपलं हेही खरं. माणसाचं मन असंच असतं. मला मात्र त्या दिवशी एक गोष्ट कळली, आणि तीच तुम्हाला सांगायची आहे.

क्लबातल्या बक्षिसांचा विषय निघाला की आपल्या बायकांमध्ये एक वाक्य हमखास येतं, “आपल्यात गुप्तदान श्रेष्ठ. नाव कशाला हवं?” वाक्य चांगलं आहे. पण ते कोण म्हणतं, ते बघा. बहुतेक वेळा ज्यांचं नाव आधीच बॅनरवर आहे त्या म्हणतात, आणि जिचं नाही तिच्याबद्दल म्हणतात. गुप्तदान हे देणाऱ्याचं व्रत आहे. ते तिने स्वतः घ्यायचं असतं. उपवास जसा दुसऱ्यावर लादता येत नाही, तसं गुप्तदानही लादता येत नाही. मी माझं नाव झाकलं तर तो माझा मार्दव धर्म. मी दुसरीचं झाकलं तर ते तिच्या कष्टाचं श्रेय न विचारता घेणं झालं, आणि न दिलेली वस्तू घेण्याला आपल्यात काय म्हणतात ते पाठशाळेतली मुलंसुद्धा सांगतील.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच समाजातले, कुंभोजचे. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवलं. १९५९ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. पण वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा मंगळसूत्रासकट दागिने काढून देणाऱ्या लक्ष्मीबाई १९३० सालीच गेल्या होत्या. त्यांच्या वाट्याला कुठला पुरस्कार आला नाही. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या घरातली ही बाई सगळ्या जातींच्या मुलांना पोटाशी धरून जेवू घालत होती. रयतच्या लोकांनी ते नाव पुसू दिलं नाही. आजही तिथे त्यांना ‘रयत माउली’ म्हणतात. लक्ष्मीबाईंनी नाव मागितलं नव्हतं. ते सांगत राहणं हे मागे राहिलेल्यांचं काम होतं आणि त्यांनी ते केलं.

मग बक्षिसं बंदच करावीत का? आमच्यातल्या काही जणींना तसं वाटतं. मला नाही वाटत. सून पहिल्यांदा पुरणपोळी करते तेव्हा आपण “छान झाली” म्हणतोच ना? कौतुकाने माणसाला बळ येतं. बिघडतं ते कौतुक चुकीच्या जागी पडलं की. आम्ही फीत कापण्याला बक्षीस देतो आणि कमोडची खुर्ची धुण्याला देत नाही. आपल्या शास्त्रात वैयावृत्त्य, म्हणजे सेवाशुश्रूषा, हे अंतरंग तपांत मोजलं आहे, स्वाध्याय आणि ध्यानाच्या रांगेत. सोळा कारण भावनांतही ते आहे. उद्घाटन त्या यादीत कुठे नाही.

नेतृत्वाचंही तेच. अध्यक्षा कोण होते? जिच्याकडे गाडी आहे, जिला रात्री बाहेर राहायला घरातून हरकत नाही, जिला दोन वाक्यं इंग्रजीत बोलता येतात. मी तशीच झाले. त्यात पाप नाही. पण ज्या घरात पडून असलेले सासरे आहेत, जी दिवस मावळायच्या आत जेवते, जिला मराठीशिवाय येत नाही, ती आपोआप पडवीत राहते आणि आपण तिला ‘शांत स्वभावाची’ म्हणून मोकळे होतो. खरं पाहिलं तर अध्यक्षेचं काम एवढंच आहे की वर्ष संपताना आपल्या आधीच्या बायकांनी लावलेलं झाड वाळलेलं नसावं.

म्हणून या महिन्याच्या मीटिंगमध्ये मी चार गोष्टी मांडणार आहे. पहिली, नव्या प्रकल्पाला पैसे देण्याआधी जुन्यांच्या दुरुस्तीचे पैसे बाजूला काढायचे. दुसरी, आमच्या क्लबाचं मुख्य बक्षीस ज्या कामाला तीन वर्षं पूर्ण झाली त्यालाच द्यायचं, आणि ते वही ठेवणारीच्या हाती द्यायचं, अध्यक्षेच्या नाही. तिसरी, निदान आमचा स्वतःचा बक्षीस समारंभ दुपारी घ्यायचा, जेवण सूर्यास्ताच्या आत, म्हणजे ‘ती येतच नाही’ असं म्हणायला कुणाला जागा राहणार नाही. चौथी, अहवालात प्रत्येक कामापुढे प्रत्यक्ष राबलेल्यांची नावं लिहायची. जिला नको असेल तिने स्वतः सांगावं, आपण ठरवू नये.

मंजूर होईल की नाही, माहीत नाही. दोघी-तिघींनी आताच नाक मुरडलं आहे. एक म्हणाली, “स्वतःचा शिल्ड घेऊन झाला, आता आम्हाला शिकवते.” खरं आहे तिचं. तो टोमणा माझ्या वाट्याचाच आहे.

शिल्ड मी अक्कांकडे नेला होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. “ह्याला पुसत बसायला मला वेळ न्हाई. पंपाचं काय झालं ते सांग.” पंप दुसऱ्या दिवशी मी स्वतः शहरात नेला आणि दुरुस्त करून आणला. अक्कांनी वही पुढे केली. म्हणाल्या, “तूच लिही, माझं अक्षर कुणाला लागत न्हाई.” मी तारीख घातली, खर्च लिहिला आणि ‘केंद्र सांभाळणाऱ्या’ असं लिहून त्यापुढे त्यांचं पूर्ण नाव लिहिलं. ते पूर्ण नाव मला त्यांना विचारून घ्यावं लागलं, इतक्या वर्षांनी.

तुमच्या मंडळातल्या अक्कांचं पूर्ण नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आजच विचारा.

उत्तम क्षमा.