गळके छप्पर आणि ‘अनपेक्षित’ खर्च

निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून एखादा कारकून वा शिक्षक दुसरी खोली घेतो आणि ती भाड्याने देतो. म्हातारपणी कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढीच त्याची इच्छा असते. त्याला भांडवलदार म्हणून हिणवणे अन्यायाचे होईल. परंतु जुलैच्या एखाद्या रात्री स्लॅब गळू लागतो, भिंतीतली वायर ओलीने जळते आणि भाडेकरू सकाळी दारात येऊन उभा राहतो. त्या क्षणी या सज्जन मालकाच्या तोंडून एकच उद्गार निघतो, “हा खर्च अनपेक्षितपणे उपटला!” या शब्दाचाच आज विचार करावयाचा आहे.

पाऊस मुंबईत दरवर्षी जूनमध्ये येतो. लोखंड गंजते, पाइप झिजतो, पाण्याची मोटार कधी ना कधी जळते. यात अनपेक्षित ते काय? दुरुस्तीची तारीख तेवढी अज्ञात असते. दुरुस्ती अटळ असते. सहकारी गृहनिर्माण संस्थांनी हे सत्य केव्हाच ओळखले आहे. बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात जमा करावी, असे त्यांच्या आदर्श उपविधींतच नमूद आहे. आयकराचा कायदाही हेच गृहीत धरतो. भाड्यातून पालिकेचा कर वजा जाता उरलेल्या रकमेची ३० टक्के वजावट घरमालकाला मिळते आणि त्यासाठी एकही पावती दाखवावी लागत नाही. दरमहा १५,००० रुपये भाडे आणि वर्षाचा कर १०,००० रुपये धरला, तर ५१,००० रुपयांवर कर आकारला जात नाही. ही सवलत घ्यायची आणि गवंड्याला द्यायचे पाच हजार मात्र आकाशातून कोसळलेले संकट मानायचे, हा कोणता न्याय?

या प्रश्नाचा इतिहास आपणही प्रामाणिकपणे वाचला पाहिजे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. त्या संरक्षणामुळे गिरणगावातले लक्षावधी संसार रस्त्यावर आले नाहीत, हे विसरता येणार नाही. तथापि, दुरुस्तीचा पैसा कोठून यावा, या प्रश्नाचे उत्तर त्या कायद्याने नीट दिले नाही. मालकांनी पागडी खिशात घातली आणि गोठलेल्या भाड्याकडे बोट दाखवून चाळी कुजू दिल्या. अखेर १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापावे लागले आणि इमारतींवर उपकर बसला. तरीही जुन्या इमारतींचे संकट टळले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. छपराचा प्रश्न हा शेवटी जिवाचा प्रश्न असतो.

१९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशी तरतूद आहे. मात्र एका वर्षी वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम वळती करता येत नाही. पण हा आधार कायद्याच्या अर्थाने जो भाडेकरू आहे, त्याचा. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्या आजच्या तरुण कामगाराच्या बाजूने करारातील एखादे वाक्य तेवढे उभे असते आणि पुष्कळदा तेही नसते. मुदत संपताच त्याला बाहेर काढण्याची त्वरित सोय मात्र कायद्याने मालकासाठी केलेली आहे.

म्हणून छोट्या घरमालकाने काही गोष्टी स्वतःहून पाळल्या पाहिजेत. भाड्याचा एक भाग, निदान सहावा हिस्सा, दरमहा वेगळ्या खात्यात टाकावा. दोन महिने खोली रिकामी राहिली वा गळती निघाली, तरी मग धावपळ होत नाही. अनामत रक्कम ही भाडेकरूची ठेव आहे. ती घरखर्चात वापरू नये आणि तो घर सोडताना जुन्या रंगाच्या नावाखाली कापूही नये. स्लॅब, वायरिंग आणि नळजोडणीची दुरुस्ती मालकाची, हे करारात स्पष्ट लिहावे आणि करार नोंदवावा. पावसाळ्यानंतर नव्हे, पावसाळ्यापूर्वी घर पाहून यावे.

यावर काहीजण म्हणतील, “कर्जाचा हप्ता फेडून एवढे बाजूला टाकायला उरतेच काय?” प्रश्न खरा आहे, पण उत्तर कठोर आहे. ज्या हिशेबात दुरुस्तीला जागाच नाही, तो हिशेब दुसऱ्याच्या अंगावर पाणी गळू देऊनच जुळतो. असे भाडे परवडत नसेल, तर घरमालक होणेच परवडत नाही. चाळीतल्या मालकाविरुद्ध मोर्चे काढलेल्या माणसांची मुले आज खोल्या भाड्याने देत आहेत. बापाने मालकाकडे जे मागितले, ते मुलाने भाडेकरूला न मागता द्यावे.