विश्लेषण : पार्किंगमधला ‘कस्टमचा माल’ इतका स्वस्त कसा?

पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी पळसदरीच्या धरणाकडे आणि स्वामी समर्थांच्या मठाकडे गाड्यांची रीघ लागते. द्रुतगती मार्गावर खालापूरच्या फूड मॉलमध्ये तर वाहनतळ वर्षभर गजबजलेले. अशा ठिकाणी कोणी डिकी उघडून ‘साहेब, एकच पीस उरलाय’ म्हणाला, तर काय समजायचे?

कहाणी काय असते?

वस्तू बदलते, कहाणी तीच. ‘मुंबईतले प्रदर्शन संपले, विमानात एवढे सामान नेता येत नाही’ म्हणून इटालियन जॅकेट. ‘गोदामातून चुकून एक नग जादा आला’ म्हणून स्पीकर. हा दुसरा प्रकार अमेरिकेत १९८०च्या दशकापासून ‘व्हाइट व्हॅन’ नावाने कुप्रसिद्ध आहे. खोक्यावर भरमसाट किंमत छापलेली, नाव एखाद्या नामांकित कंपनीच्या जवळपास जाणारे आणि आत कवडीमोल माल. मोबाइलच्या बाबतीत हातात दिला जातो तो खरा. पैसे दिल्यावर मिळालेल्या सीलबंद खोक्यात साबणाची वडी किंवा काच निघते.

‘कस्टमचा माल’ या शब्दांना आपल्याकडे इतिहास आहे. १९९१ पूर्वी आयातीवर कडक निर्बंध होते. परदेशी घड्याळे, टेपरेकॉर्डर मुंबईत चोरट्या मार्गाने येत, त्यामुळे तेव्हा या शब्दांत तथ्य असे. आज तसाच माल दुकानात हप्त्यांवर मिळतो, तरी शब्दांची भुरळ कायम आहे. सीमाशुल्क विभाग जप्त माल विकतो हे खरे, पण लिलावात; कोणाच्या डिकीतून नव्हे.

लोक तक्रार का करत नाहीत?

खरी मेख इथे आहे. विक्रेता मुद्दाम सुचवतो की माल ‘जरा इकडचा-तिकडचा’ आहे. स्वस्ताईचे कारण पटते आणि घेणाराही गप्प बसतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) नुसार फसवून मालमत्ता घेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र माल खरोखर चोरीचा निघाला आणि तसे मानण्यास कारण असूनही तो अप्रामाणिकपणे घेतला, तर कलम ३१७(२) घेणाऱ्यालाच लागू होते; तिथे शिक्षा तीन वर्षांपर्यंत. बिल नसल्याने ग्राहक आयोगात जायचे तरी कोणाविरुद्ध, हा प्रश्न उरतोच.

सोन्याचे प्रकरण याहून गंभीर. ‘खोदकामात सापडलेल्या’ स्वस्त सोन्याचे आमिष दाखवून निर्जन जागी लुटल्याचे गुन्हे अहिल्यानगर जिल्ह्यात वारंवार नोंदले गेले आहेत. वाहनतळावर फक्त नमुना दाखवून ‘बाकीचे पुढे येऊन बघा’ म्हटले, तर जाऊच नये.

काय तपासता येते?

मोबाइलवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की १५ अंकी आयएमईआय दिसतो. केवायएम ही इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा आणि तो क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवावा. ‘ब्लॅकलिस्टेड’ किंवा ‘डुप्लिकेट’ असे उत्तर आले तर फोन परत द्यावा. दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. स्पीकर आणि जॅकेट तपासायला अशी सोय नाही.

फसवणूक घरी पोहोचल्यावर कळली, तरी कर्जत-खालापूरला परतण्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो. विक्रेत्याच्या गाडीचा क्रमांक, वेळ आणि यूपीआयने पैसे दिले असल्यास त्या व्यवहाराचा क्रमांक सोबत न्यावा. गुन्हा अजून घडतच असेल तर जागेवरूनच ११२.