ताजिन आणि खारातलं लिंबू



रत्नागिरीत मोरोक्कन हॉटेल निघालं तर तिकडे काळं कुत्रंही फिरकणार नाही, असं एका पत्रलेखकानं ठासून लिहिलंय. कशावरून? ताजिन या तिथल्या पदार्थात कोंबडीबरोबर मिठात मुरलेलं लिंबू शिजतं. आपल्याकडे ते बरणीतून काढून पेजेसोबत चाटतात. कुसकुस म्हणजे रव्याच्या वळलेल्या कण्या, वाफवलेल्या. यात परकं ते काय? उलट ज्या काजूच्या उसळीचा पत्रात एवढा अभिमान, तो काजू पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणला. (मिरचीही अमेरिकेचीच!) मोरोक्कोतल्या टँजियरचा प्रवासी इब्न बतूता तर १३४२च्या सुमारास याच किनाऱ्यानं दक्षिणेकडे गेला. पत्रलेखकाचं दराबद्दलचं म्हणणं मात्र पटलं. पाचशेची प्लेट लावली, तर मीही मिरकरवाड्यातून बांगडे घेऊन सरळ घर गाठीन.

– एक वाचक, रत्नागिरी